सुटा अंगठा

आखाजीचे, अक्षय्य तृतीयेचे, झोके अजून झाडांवरून उतरले नव्हते, तेवढ्यात ते वावधन, ते वादळ आलं. दुपारची वेळ होती. आधी तापीच्या बाजूनं आभाळ पिवळं झालं, मग मातकट, आणि मग समोरचं घर दिसेनासं झालं. सुंदरबाई दाराला पाठ लावून, पाय रोवून उभी होती. बाहेर काय मोडतंय ते तिला आवाजावरून कळत होतं. बाभूळ मोडते ती काडकन, एका दमात. निंब आधी कण्हतो, मग पडतो. चिंच पडते तेव्हा पायाखालची जमीन हलते.

"गयी," तिचा नवरा वना खाटेवरून म्हणाला. "नदीवरली चिंच गयी."

"चिंच नही. निंब शे. धनसिंगभाऊना."

वारा पडल्यावर दोघं बघायला गेली. धनसिंगचा निंब विहिरीच्या काठावर आडवा झाला होता, झोक्याच्या दोरासकट. नदीवरची चिंच उभीच होती, पण मधोमध फाटून एका अंगानं कलली होती. तिथून पुढं नदीच्या कडेकडेनं जिथवर नजर जाई तिथवर झाडं लोळत होती. धनसिंग कपाळाला हात लावून विहिरीत पडलेला पाला पाहत होता. वनाच्या चेहऱ्यावर मात्र वेगळंच काही आलं. सुंदरबाईनं ते ओळखलं. तिच्याही मनात तेच आलं होतं. दुसऱ्याच्या नुकसानीत आपलं काम दिसावं याची दोघांना जराशी लाजही वाटली.

शेत कोरडवाहू होतं. पऱ्हाट्या उपटल्यापासून पेरणीपर्यंत त्यांच्या हाताला काम म्हणजे करवत. मुलगा मगन धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपात लागला होता, सून तिकडेच. घरात दोघं, बैलजोडी आणि भिंतीवर आडवी टांगलेली ती करवत. लांबलचक, पाठीला किंचित बाक, दोन्ही टोकांना उभ्या लाकडी मुठी. अशा करवतीचा नियम सोपा असतो. ओढायचं, ढकलायचं नाही. एकानं ओढली की दुसऱ्यानं हात सैल करून तिला जाऊ द्यायचं. आपली पाळी आली की ओढायची. मूठ आवळून धरली तर पातं वाकतं, अडकतं आणि समोरच्याचा खांदा उखडतो. म्हणून अंगठा मुठीभोवती वळवत नाहीत. तो बोटांच्याच अंगाला, वर, सुटा ठेवतात.

सुंदरबाई लग्न होऊन आली तेव्हा त्या दुसऱ्या मुठीवर वनाचा भाऊ होता. तो सुरतला मिलमध्ये गेला आणि धनसिंगच्या बापाच्या मळ्यातलं एक खोड अर्धं कापलेलं राहिलं. वना दोन्ही टोकांकडं आळीपाळीनं बघत बसला होता. तेव्हा सासू, धुरपदाबाई, सुनेला म्हणाली, "जातं ओढस ना? मंग हाई बी ओढ."

बायकांनी तोंडाला पदर लावला. पुरुष वनाला पारावर विचारायचे, "वना, घरमा कोन कोनले ओढस?" वना हसायचा. पहिल्या उन्हाळ्यात सुंदरबाईच्या तळहाताची सालं निघाली, दुसऱ्या उन्हाळ्यात तिथं घट्टे आले, आणि त्यानंतर कधीतरी ते दोघं करवतीवर बोलायचे थांबले. बोलायची गरजच उरली नाही. तिनं ओढली की त्याचा हात सुटायचा, त्यानं ओढली की तिचा. खर्र-खुर्र, खर्र-खुर्र असा आवाज गावावरून जायचा, आणि ओट्यावर वाती वळत बसलेल्या बायका सांगायच्या की आज वना-सुंदर अमक्याच्या मळ्यात आहेत. अंगावर निंबाचा भुसा असायचा, घामाबरोबर चिकटलेला, कडू वासाचा. दुपारी झाडाच्या बुंध्याशी कळण्याची भाकर, कांदा, मिरचीचा ठेचा. कापलेल्या खोडाचं तोंड ताटासारखं सपाट निघायचं. वना त्यावरून हात फिरवायचा आणि मगच पाणी प्यायचा. पुढं कितीतरी वर्षांनी, मगनच्या धुळ्यातल्या खोलीत पंख्याखाली पडून असताना, सुंदरबाईला आपलं सगळं आयुष्य आठवलं की आधी तो आवाज आठवायचा.

वावधनाच्या दुसऱ्या दिवशी वनानं करवत उतरवली, रॉकेलच्या चिंधीनं पुसली, कानस घेऊन दातांशी बसला. दात अर्धे झाले असतील तेवढ्यात दारात राजदूत फटफटी थांबली. शिरपूरच्या वखारीचे चुडामणशेठ होते. त्यांनी गाडीवरून न उतरताच बोलायला सुरुवात केली.

"वनाभाऊ, नदीकाठची पडलेली झाडं सगळी मी घेतलीत. पाऊस यायच्या आत उचलायची आहेत."

"उचलू ना, शेठ. दात लायी राहिनू."

"करवतीनं आषाढ उजाडेल. मी मशीन आणलंय. पेट्रोलची करवत. एक माणूस, दोन हात. लोण्यासारखं कापतं."

वनानं कानस खाली ठेवली. "मंग माले काय काम?"

"माझ्या माणसांना मशीन उचलता येतं, लाकूड कळत नाही. कोणतं खोड कुठं ताणलंय, कुठं कापलं की कुठं दबेल, ते तुला कळतं. मशीन तू चालव. तोताराम मेस्तरी येऊन शिकवेल." मग शेठनं दारात उभ्या असलेल्या सुंदरबाईकडं पाहिलं. "तुम्ही आता आराम करा, बाई. लई ओढली."

ते चांगल्या मनानं म्हणाले होते, म्हणूनच सुंदरबाईला ते जास्त लागलं.

"आणि पाचर कोन ठोकी?" तिनं विचारलं. "मशीन कापताना लाकूड दबी गयं तं? पाचर ठोकाले मानूस लागीच ना?"

शेठ हसले. "या मग. पाचर ठोका."

तोताराम मेस्तरी शिरपूरला पंपाची इंजिनं दुरुस्त करायचा. बोलणं तोलून, हात पुसत पुसत. धनसिंगच्या निंबाशी त्यानं मशीन जमिनीवर ठेवलं, पायानं दाबून दोरी ओढली. मशीन असं ओरडलं की विहिरीवरचे पारवे उडाले. त्यानं ते लगेच बंद केलं.

"आधी ऐका. चालवायला सोपं आहे, म्हणून ऐका. ही पट्टी, हिच्यावरून साखळी फिरते. हे पट्टीचं टोक. टोकाचा हा वरचा भाग लाकडाला लागू द्यायचा नाही. तिथं साखळीला कापता येत नाही, ती लाकडाला ढकलते, आणि मशीन उसळी मारतं. कुठं? चालवणाऱ्याच्या तोंडावर. पापणी लवायच्या आत."

वखारीचा हमाल चिंधा म्हणाला, "बैलनं शिंग मारावं तसं."

"बैल आधी मान हलवतो, चिंधा. हे सांगत नाही. म्हणून कापाच्या रेषेत उभं राहायचं नाही, वनाभाऊ. डाव्या अंगाला. चुकून उसळलं तर उजव्या खांद्यावरून गेलं पाहिजे. खोडाच्या पलीकडं काय आहे ते आधी वाकून बघायचं, पाल्यात एखादी फांदी लपलेली असते. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. आणि डावा हात सरळ, अंगठा खालून वळवून घट्ट." त्यानं मुठीच्या पुढची दांडी दाखवली. "उसळलं की हात हिच्यावर आपटतो आणि साखळी थांबते. पण याचा ब्रेक गेलाय. भाग मागवलाय मी मुंबईहून. तो येईपर्यंत तुमचा हात हाच ब्रेक."

वनानं मशीन उचललं, तोलून पाहिलं. त्याला ते जमलं. लाकूड त्याला माहीत होतंच. कुठं वरून कापायचं, कुठं खालून, हे त्यानं तोतारामलाच दोनदा दाखवलं, आणि तोतारामनं मान डोलावली. सुंदरबाई खोडाच्या पलीकडं, जिथं ती इतकी वर्षं उभी राहिली होती तिथंच, मोगरी आणि पाचर घेऊन उभी होती. काप थोडा आत गेला की पाचर घालायची, मोगरीनं दोन ठोके द्यायचे, म्हणजे लाकूड मिटत नाही आणि साखळी धरून ठेवत नाही. ती जोरात ठोकत होती. दुपारपर्यंत अर्धा निंब सुटा झाला. करवतीनं एवढ्याला किती लागलं असतं हे दोघांनाही माहीत होतं.

तोताराम सायकल घेऊन परत गेला आणि थोड्या वेळानं ते घडलं. वना खालचं दुबेळकं, दोन फांद्यांचं बेचकं, कापत होता. पट्टीचं टोक खोडातून बाहेर पडून मागच्या फांदीला टेकलं. आवाज बदलला एवढंच सुंदरबाईला कळलं. मशीन खालून वर उठलं, वनाच्या डाव्या हातातून मूठ निसटली, आणि साखळी त्याच्या तोंडासमोरून गेली. टोपी हवेत उडाली. मशीन बाजूला पडून जमीन खरडत बंद झालं.

वना बसला होता. कानाच्या पाळीतून रक्त येत होतं. टोपीच्या दोन चिंध्या झाल्या होत्या आणि त्यातली एक चिंधाच्या पायाशी पडली होती.

"गाठ व्हती," वना म्हणाला. "लाकूडमा गाठ व्हती."

सुंदरबाईनं पदर फाडून कानाला बांधला. तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. तिनं त्याचा डावा हात पाहिला होता. बोटं मुठीवर होती. अंगठा वर, बोटांच्या शेजारी, सुटा.

संध्याकाळी चुडामणशेठ आले. आधी मशीन पाहिलं, मग कान. "वनाभाऊ, माझ्या कामावर कुणाचं तोंड फुटलेलं मला नको. जमत असेल तर कर. आणखी एकदा असं झालं तर मी पाचोऱ्याचा माणूस आणतो. तिकडं असे तयार आहेत." मग तेच शेठ गाडी सुरू करता करता म्हणाले, "राग मानू नको."

रात्रीच्या स्वयंपाकाआधी, उजेड असतानाच, सुंदरबाईनं कोपऱ्यातलं मुसळ आणलं आणि वनासमोर आडवं धरलं.

"धरा."

"कसाले?"

"धरा तं. मशीन धरतस तसं."

त्यानं धरलं. तिनं खालून गुडघ्यानं आणि हातानं मुसळाला एकदम वर झटका दिला. मुसळ त्याच्या हातातून सुटलं, आढ्याला लागलं आणि खाली गाडग्याशेजारी पडलं.

"येडी झायी का वं?"

"आखो धरा."

"मगननी माय, कान दुखी राहिना मना."

"कानच दुखस ना? तोंड तं नही दुखत? धरा."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं मुसळ उचललं नाही. त्याचा हात हातात घेतला, अंगठा धरून खालून वळवला, बोटांवर आणून दाबला. वनानं हात हिसकावला.

"तू माले शिकाडस? तो मेस्तरी कमी व्हता का?"

"मेस्तरीनं बराबर सांगं. तुम्ही आयकं बी बराबर. पन अंगठानं नही आयकं." ती खाली बसली. "मी शिकाडत नही, मगनना बाप. मी भुलाडी राहिनू. इतला वरीस मी ओढं की तुम्ही सोडं. त्या अंगठाले मनी सवय शे. त्या मशीनले बी तुम्ही मीच शे समजीसन सोडी देतस."

वनानं मुसळ उचललं आणि म्हणाला, "मार झटका."

कुडापलीकडून बेबाबाईनं मान वर काढली. "काय वं सुंदरबाई, मारामारी चालनी का?"

"नही वं, अंगठा दावणले बांधी राहिनू."

"बांध बांध. मना मानूसना तं पुरा हात बांधना पडी."

त्या दिवसापासून वनाला हातात काही धरायची सोय राहिली नाही. पाण्याचा लोटा धरला की सुंदरबाई जाता जाता त्याला खालून टोला द्यायची. पाणी त्याच्या धोतरावर. सायकलची मूठ, बैलाचा कासरा, खाटेची कड, कुऱ्हाडीचा दांडा, काहीही असो, कधी मागून, कधी कुशीतून झटका यायचा आणि तिचा आवाज, "अंगठा!" वना शिव्या द्यायचा. एकदा चहाची बशी त्याच्या छातीवर सांडली तेव्हा तो खरंच रागावला, आणि तिनं खरंच माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कानशीला झटका दिला. हळूहळू लोटा सुटेनासा झाला. पण लोटा म्हणजे मशीन नव्हे. मशीनवर डोकं लाकडात गुंतलं की अंगठा चोरपावलानं वर यायचा.

ती पाचर घेऊन समोर असायची, म्हणून तिला दिसायचं. मशीनच्या आवाजावर आवाज काढून ती ओरडायची, "अंगठा!" वना दात खाऊन अंगठा खाली न्यायचा.

हे चिंधाला सापडलं आणि मग काय. आधी तो एकटा म्हणायचा. मग खोडं उचलणारे सगळे म्हणू लागले. वना तंबाखू मळायला बसला की, "आबा, अंगठा!" वना पाणी प्यायला की, "अंगठा, आबा!" बैलगाडीवाले लांबून जाता जाता हात वर करून अंगठा दाखवायचे. एका संध्याकाळी स्टँडवरच्या हॉटेलात वना चहा घ्यायला गेला, तर दुसऱ्याच गावचा एक माणूस, ज्याला वना ओळखतही नव्हता, हसून म्हणाला, "आबा, बाईनं निरोप धाडा. अंगठा." सगळं हॉटेल हसलं.

वना चहा तसाच ठेवून घरी आला. चपला काढल्या नाहीत.

"उद्यापाशीन तू येऊ नको."

"पाचर?"

"चिंधा ठोकी."

"त्याले ठोकता येत नही. तो वाकडी ठोकस."

"मी सांगं ना, येऊ नको! लोक माले तुना पोऱ्या समजी राहिनात." त्याचा आवाज फाटला. "लाकूड कापता कापता मना बाल पिकना. आते दुन्या माले हात धराले शिकाडस."

सुंदरबाई चुलीपाशी गेली. तिनं ताट वाढलं. तो जेवला. ताट धरताना त्याचा अंगठा काठावर वळलेला होता का, ते तिनं मुद्दाम पाहिलं नाही.

सकाळी तो गेला. तिनं शेण काढलं, बैलांना पाणी दाखवलं, अंगण सारवलं. नदीकडून मशीनचा आवाज येत होता. त्या दिवशी चिंचेचं काम होतं हे तिला माहीत होतं. कलंडलेली चिंच आदल्या दिवशीच ट्रॅक्टर लावून पाडली होती. चिंचेचं लाकूड चिवट, पीळ असलेलं, आणि तिचा पाला एवढा दाट की खाली काय दडलंय ते कळत नाही. करवतीच्या आवाजावरून तिला सगळं कळलं असतं. दात कुठवर गेले, वना दमला का, पाणी प्यायला थांबला का. मशीनचा आवाज मात्र सारखाच होता. त्यात माणूस ऐकूच येत नव्हता.

मग आवाज एकदम तुटला.

सारवणाचा हात तसाच राहिला. बेबाबाईकडची कोंबडी फडफडली. मशीन पुन्हा सुरू झालं. ती उठली, हात धुतले, चुलीपाशी गेली, कागदात थोडं मीठ बांधलं आणि निघाली. त्याच्या भाकरीच्या फडक्यात मीठ होतंच. सकाळी तिनंच बांधलं होतं.

चिंचेशी पोचली तेव्हा वना तिला पाठमोरा होता. जाड बेचक्यात काप अर्धा गेला होता. चिंधा पाचर ठोकत होता, वाकडीच. त्यानं सुंदरबाईला पाहिलं, त्याच्या तोंडावर हसू आलं आणि ओरडायला त्यानं तोंड उघडलं. तिनं झटकन बोट ओठावर ठेवलं. त्या क्षणी वनाचं लक्ष कुणीही, अगदी तिनंही, काढून घ्यायचं नव्हतं. तिला त्याचा डावा हात दिसत नव्हता. फक्त खांदा दिसत होता. ती मीठ मुठीत धरून उभी राहिली.

पाल्याखाली एक तुटका खुंट होता. टोक त्याला लागलं.

तोच आवाज. मशीननं तसंच तोंड वर केलं. वनाचा डावा खांदा गच्च झाला, कोपर वाकलं नाही. तो अर्धं पाऊल मागं ढकलला गेला आणि साखळी त्याच्या उजव्या खांद्यावरून, कानापासून वीतभर लांबून, नुसत्या हवेला चिरत गेली. बोटानं गतीचा खटका सोडला. मशीन घुरघुरलं. साखळी थांबली. वनाच्या दोन्ही हातांत मशीन होतं.

त्यानं ते जमिनीवर ठेवलं, बंद केलं. नदीवर टिटवी ओरडत होती ती आता ऐकू आली. चिंधाच्या हातातली मोगरी खाली गळली होती. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण नेहमीचा शब्द त्याच्या तोंडून निघेना.

वनानं डावा हात डोळ्यांसमोर धरला. तो उघडत नव्हता. उजव्या हातानं त्यानं एकेक बोट सोडवलं, सगळ्यात शेवटी अंगठा. मग मागं वळला आणि त्याला सुंदरबाई दिसली.

"काय लई उनी?"

"मीठ."

"मीठ तं व्हतं."

"ऱ्हाऊ द्या. आखो लागी."

तो हसला नाही. खोडावर जागा करून म्हणाला, "बैस. चिंधा, पाचर दे त्यास्ना हातमा. तू वाकडी ठोकस."

मुंबईहून ब्रेकचा भाग आला. तोतारामनं तो बसवला, आणि वनाला चार वेळा दांडी आपटून दाखवायला लावली. नदीकाठ मोकळा झाला. चुडामणशेठनं पुढच्या उन्हाळ्याचंही काम वनालाच सांगून ठेवलं. चिडवणं आपोआप विरलं. चिंधानं मशीन शिकायला घेतलं तेव्हा तोच इतरांना सांगू लागला की अंगठा खालून घ्या.

मृगाच्या तोंडावर एकच झाड उरलं, गावदरवाज्याजवळचा शिरस. वावधनानं मुळासकट उपटलेला. बैलांना नाल मारणारा तिथं बसायचा. बैल बांधायला त्यानं खोडात खिळे आणि कड्या मारल्या होत्या, त्याच्या बापानंही मारल्या होत्या, आणि सालीनं त्यातल्या कितीतरी गिळून टाकल्या होत्या.

"याला मशीन लावू नका," तोताराम म्हणाला. "साखळीला खिळा लागला तर काय होईल सांगता येत नाही."

"करवत लावू," वना म्हणाला. "खिळा लागना तं हातले कळस."

दोघांनी करवत आणली. ओट्यांवरच्या बायका उठून आल्या. म्हातारी तानुबाई काठी टेकत आली आणि दगडावर बसली. "लाय वं सुंदर, लाय. कान कितला दिन उपाशी शेतस."

सुंदरबाईनं पदर खोचला. तळहात जमिनीवर घासले. मूठ हातात घेताना तिला लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी जाताना वाटलं होतं तसं वाटलं. वना पलीकडं बसला. पात्यानं साल धरली.

त्यानं ओढली. तिनं सोडली. खर्र.

तिनं ओढली. करवत आली नाही. पातं मधेच वाकलं, झणझणलं, आणि तिच्या खांद्यात कळ गेली.

"सोडा ना," ती म्हणाली.

"सोडस ना."

पुन्हा. त्यानं ओढली ती सुरेख गेली. तिनं ओढली, आणि मूठ पलीकडं कुणीतरी धरून ठेवल्यासारखी झाली. वना स्वतःच्या हाताकडं पाहत होता. अंगठा खालून वळला होता, बोटांवर घट्ट बसला होता. त्यानं तो उचलून वर ठेवला. दोन ओढी नीट गेल्या. तिसऱ्या ओढीला तिनं जोर लावला, आणि झटका जाणवताच अंगठा परत खाली गेला.

"काय झायं वं?" तानुबाईनं विचारलं. "आज काबर अडखळस? नवा मानूस शे का तथा?"

बायका हसल्या. वनाच्या कपाळावर घाम आला होता, कामाचा नव्हे. "जमत नही," तो हळूच म्हणाला, फक्त तिला ऐकू जाईल एवढं. "मी सोडस, तो सोडत नही."

सुंदरबाईनं करवत तशीच खोडात ठेवली. ती उठली नाही. तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. कानाच्या पाळीवर जखमेचा वण होता. बाकी सगळं, नाक, डोळे, पिकलेली मिशी, जिथल्या तिथं होतं.

"मी सांगत जास," ती म्हणाली. "मी ओढाना आधी सांगसू. मंग सोडा."

आणि इतक्या वर्षांत जे कधी बोलावं लागलं नव्हतं ते ती प्रत्येक ओढीला बोलू लागली. "सोडा." खुर्र. मग त्याची ओढ. "सोडा." खुर्र. तिचा श्वास बोलण्यात जात होता. वना तो शब्द आला की मान खाली घालून, डोळे अंगठ्यावर ठेवून, हात सैल करायचा. एकदा खिळा लागला तेव्हा दोघांचेही हात एकाच वेळी थांबले. तेवढं राहिलं होतं. छिन्नीनं खिळा काढला. बायका एकेक करून घरी गेल्या. तानुबाई बसून राहिली.

ऊन कलल्यावर खोड तुटलं. वनानं हात फिरवला. कापाला पायऱ्या पडल्या होत्या, एका अंगाला तो बोटभर खाली गेला होता.

"वाकडं उनं," तो म्हणाला.

"येऊ द्या वाकडं," सुंदरबाई म्हणाली. "तुम्हनं तोंड जागावर शे."

त्यानं पाण्याचा लोटा उचलला, आणि प्यायच्या आधी तिच्यापुढं धरला. तिनं घेतला, पण त्याच्या हातातून तो सुटायला एक क्षण जास्त लागला. त्यानं सोडेपर्यंत तीही लोटा धरून तशीच थांबली.